जवभर अंतर

एका राज्यात एक रीत होती. लेकराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला, की त्याचं घर सुटलं. दसऱ्याच्या सकाळी सात डोंगरांपल्याडच्या पाठशाळेत जायचं, गुरूंपाशी राहायचं, सणावारी तेवढं घरी यायचं. येणारं पोर दर खेपेला थोडं परकं होऊन येई. पण रीत ती रीत, तिच्यापुढे राजाही गप्प अन् रंकही गप्प.

तिथली राणी रत्नमंजरी. राजा निवर्तलेला, पदरी एकुलती एक लेक, बकुळा. बकुळेला पाच सरून सहावं लागलं. राणी मोठी हौशी. लेकीसाठी रेशमी दप्तर तिनेच शिवलं. "माझी बकुळा साऱ्यांत हुशार निघेल बघा," असं दासींना सांगत सुटली. आणि रोज न्हाऊ घालताना लेकीचा हात डोक्यावरून नेऊन बघे. बोट कानाजवळ सरकलं, की राणी तो हात घाईघाईने खाली घेई. अहो, हौसही तिचीच आणि धसकाही तिचाच!

भाद्रपद सरत आला. बोट आणि कान यांच्यात जवाच्या दाण्याएवढी जागा उरली. राणीने रथ जुंपायला लावला आणि मांत्रिक करालजटाची गुहा गाठली.

"मांत्रिका, एवढं जवभर अंतर राहू दे."

"नीट विचार करून माग, राणी."

"केला विचार. अंतर राहू दे."

"दिलं," करालजट म्हणाला, आणि त्याने जवाचा एक दाणा डबीत बंद केला.

राणी आनंदाने घरी आली. बकुळा धावत आली आणि आईपासून जवभर अलीकडे थबकली. राणीने हात पसरले. ते लेकीभोवती गेले, पण लेकीला लागेनात.

"आई, तू मला धरत का नाहीस?"

काय करणार बिचारी? अंतर कशातलं, ते तिने सांगितलंच नव्हतं! मांत्रिकाने बोटात आणि कानात दिलं, तसंच आईत आणि लेकीत दिलं.

तीन दसरे गेले. बकुळेच्या साऱ्या मैत्रिणी पाठशाळेत गेल्या. ती होती तेवढीच राहिली, अंगणात एकटीच सागरगोटे खेळू लागली. मग एकदा तिला ताप भरला. राणीने कपाळावर हात ठेवायला नेला. तापाची धग तळव्याला लागली, कपाळ लागलं नाही. तेव्हा मात्र राणीला रडू आवरेना. "तुला कधी अंतर देणार नाही म्हणत होते गं बाळे, आणि अंतरच मागून आणलं मी!"

खिडकीत साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "राणी, तीन कामं आहेत. करशील?"

"सांग."

"काळकड्याच्या दगडाची पाटी स्वतःच्या हातांनी घडव. पाठशाळेची वाट अनवाणी चाल आणि तिच्यातले काटे वेच. मग दसऱ्याला लेकीला निरोप देताना एकच शब्द बोल: जा."

"जा? अगं, निघणाऱ्याला कुणी जा म्हणतं का? ये म्हणतात."

"ये म्हणालीस, तर अंतर कायम."

राणीने दगड फोडला, घासला, तळहात सोलून घेतले. पाटी झकास उतरली, म्हणून तिला स्वतःचाच राग आला. मग ती सात डोंगर चालली. काटे वेचत वेचत पाठशाळेच्या कुंपणाशी पोचली. आत बकुळेच्या मैत्रिणी खेळत होत्या, चांगल्या उंच झालेल्या. त्यांतली एक पडली. गुडघा झटकून आपली आपण उठली, आईला हाक मारली नाही. राणीला बरं वाटलं, आणि कुंपणाशी बसून ती पोटभर रडली.

दसरा उजाडला. वेशीपाशी पोरं जमली. बकुळेच्या पाठीवर रेशमी दप्तर, दप्तरात काळी पाटी.

"आई, निघू?"

"ये" अगदी ओठांवर आलं. राणीने ओठ चावला. बाकीची पोरं चालू लागली होती. बकुळा आईच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"जा," राणी म्हणाली.

बकुळेचा हात डोक्यावरून गेला आणि बोटांनी कान धरला. "आई, लागला!" ओरडत तिने आईला मिठी मारली. राणीच्या हातांना लेकीचे खांदे लागले, केस लागले, ऊन गाल लागला. आणि मिठीतल्या मिठीतच तीन वर्षांची वाढ लेकीच्या अंगी आली. कमरेशी असलेलं डोकं छातीशी आलं, परकर घोट्यावरून पोटरीवर गेला. एवढ्या दिवसांनी हाताला लागलेली लेक राणीने आपल्या हातांनी सोडली.

वळणावर बकुळा थांबली, मागे वळली. आवाज जरा निराळा वाटला.

"येते हं, आई!"

राणीने नुसती मान हलवली.

तिकडे करालजटाच्या डबीतल्या जवाला कोंब फुटला, शाप सरला, रीत पुन्हा रीतीला लागली. राणी महालात आली. अंगणात सागरगोटे पडले होते, ते तिने उचलून ठेवले. तिचं अंतर मिटलं तसं तुमचंआमचंही मिटो. घर तेवढं रिकामं राहिलं, त्यावर साळुंकीने काही सांगितलं नाही.