न उचललेली ढाल

"मग ढाल उचलायची तरी केव्हा, मास्तर?"

हृषीकेशचा आवाज चढला होता. टेबलावर नकाशा तसाच पसरलेला होता. त्यावर वसुधाची पुठ्ठ्याची सोंगटी आडवी पडली होती.

मिरजेतल्या त्या माडीवर रविवारी दुपारी हा खेळ चाले. खेळणारा प्रत्येक जण गोष्टीतलं एक माणूस व्हायचा. बाकीचं सगळं जग, शत्रूंसकट, खरवंडीकर मास्तर चालवायचे. वार लागला की हुकला, ते फासे ठरवायचे. मास्तर फासे टाकून लगेच पितळी वाटीखाली झाकत. ढाल घालायची तर वाटी उचलण्याआधी बोलायचं. एका फेरीत एकदाच. स्वतःसाठी, नाहीतर शेजारच्यासाठी.

हृषीकेशला सगळे नियम पाठ होते. मास्तरांच्या चुकाही तोच काढायचा.

त्या दुपारी दरोडेखोरांचा म्होरक्या कुऱ्हाड घेऊन समोर उभा होता. हृषीकेशने ढाल त्याच्या घावासाठी राखून ठेवली. मधेच वसुधाच्या वैदिणीवर बाण आले. ती त्याच्या शेजारच्याच चौकोनात होती.

"हृषी, घाल ना रे ढाल."

"अगं, किरकोळ बाण आहेत. थांब जरा."

वैदीण मेली. कुऱ्हाड फिरायच्या आत कुणाचा तरी भाला लागून म्होरक्याही पडला. लढाई जिंकली होती.

वसुधाने काही वर्षं ती वैदीण सांभाळली होती. तिने चपला घातल्या. "जाते मी," म्हणाली. एरवी ती 'येते' म्हणायची.

बाकीचेही हळूहळू उठले. हृषीकेश मात्र बसून राहिला.

"माझा हिशेब बरोबर होता," तो म्हणाला. "कुऱ्हाडीने मी एका घावात गेलो असतो. बाणाने कोण मरतं? फासाच वाईट पडला."

"हिशेब बरोबर होता."

"मग चूक तिचीच. तिने स्वतःची ढाल का नाही राखली?"

"कुठे गेली तिची ढाल?"

हृषीकेशने नकाशाकडे पाहिलं. फेरी सुरू होताच त्याच्यावर गोफणीचा एक दगड आला होता...

"माझ्यावर घातली तिने. पण मास्तर, तो दगड लागणारच नव्हता! वाटी उचलली तेव्हा दिसलंच ना सगळ्यांना. फुकट गेली तिची ढाल. मी तेव्हाच म्हटलं तिला, वेडी आहेस."

"म्हटलंस. आम्ही हसलोही."

...

"मला योग्य वेळ कोणती ते शिकवा," हृषीकेश म्हणाला.

मास्तरांनी मूठ वाटीखाली नेली, बाहेर काढली आणि वाटी टेबलावर पालथी ठेवली.

"बोल."

"वार कोणावर आहे?"

"नाही सांगणार."

"निदान केवढा आहे?"

मास्तरांनी वाटीवर नुसती टिचकी मारली.

हृषीकेश वाटीकडे बघत राहिला. एकदा त्याचे ओठ हलले, पण तो थांबला. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू झाली, लांब गेली. तो अजून विचार करत होता.

"संपली फेरी," मास्तर म्हणाले.

त्यांनी वाटी उचलली. खाली फासा नव्हताच.

"ही फसवणूक आहे!"

"म्होरक्याची कुऱ्हाड तरी कुठे आली?"

हृषीकेशचा चेहरा उतरला. तो हलक्या आवाजात म्हणाला,

"कळलं मला. पुढच्या रविवारी बघा तुम्ही. शेजारच्यावर पहिला बाण येऊ दे, लगेच ढाल घालतो. हिशेब नाही, काही नाही."

मास्तरांनी आडवी पडलेली सोंगटी उचलून खिशात टाकली.

"तुझ्या शेजारी उभं कोण राहणार आहे?"