रखमाजीच्या वाट्याची पुडी

एकदा एका वृद्ध आचार्यांचा शिष्य राज्याचा अमात्य झाला. राज्यात गांजाला बंदी होती. तरी तो चोरून मिळे, आणि मिळे तोही धोतऱ्याचे बी कालवलेला. कुणी तो ओढून दगावे, कुणी तुरुंगात खितपत पडे. अमात्याने पुष्कळ विचार केला आणि बंदी उठवली. परवान्याची दुकाने निघाली. माल तपासून विकावा, मुलांना मुळीच देऊ नये, असे नियम झाले आणि विक्रीवर कर बसला. धोतऱ्याने होणारे मृत्यू थांबले. आचार्यांनी निरोप धाडला, "चांगलं केलंस."

पण काही वर्षांनी आचार्य स्वतः रोज गांजाची पुडी विकत घेतात असे कानावर आले, तेव्हा अमात्याचा विश्वास बसेना. तो त्यांच्या गावी गेला. पाहतो तो आचार्य दुकानापुढे उभे! त्यांनी पुडी घेतली, नदीवर नेली आणि उलगडून पाण्यात सोडून दिली.

"गुरुजी, हे काय करता आपण?"

"रखमाजीच्या वाट्याची पुडी आहे ती."

"कोण रखमाजी?"

"आमच्या आळीतला कोष्टी. ऐन उमेदीची वर्षं गांजात घालवली त्यानं. मुलगी आजारी पडली, तेव्हा सोडला. हात थरथरायचे, तरी मागावर बसायचा. त्याचं बघून आणखी काहींनी सोडला. दुकानाची विक्री घटली, तसा तुझ्या अंमलदारानं दुकानदाराला दम भरला, की कर कमी आला तर परवाना जाईल. दुकानदार वाईट नाही रे, पण घाबरला. फुकटची पुडी घेऊन रखमाजीच्या दारात उभा राहिला. मी म्हटलं, बाबा, त्याचा वाटा मी घेतो, तू त्याच्या दारी जाऊ नकोस."

अमात्याचा चेहरा उतरला. "पण असा हुकूम मी कधीच दिला नव्हता, गुरुजी!"

"नाही दिलास. बंदी उठवलीस ते योग्य केलंस. कर घेतलास, त्यालाही माझी ना नाही. पण त्या करावर तू रस्ते बांधलेस, नोकरांचे पगार बांधलेस. आता एक माणूस सावरला की राज्याला तूट येते. ज्याला सावरलेल्या माणसाची अडचण वाटते, तो त्याला सावरू कसा देईल?"

अमात्य म्हणाला, "मला त्याच्या घरी न्याल?"

माग बंद होता. रखमाजी भिंतीला टेकून बसला होता. डोळे तांबारलेले, हातात चिलीम. त्याची बायको दारात आली. आचार्यांना पाहून तिने पदर सावरला.

"पेठेतला दुसरा दुकानदार देऊन गेला," ती म्हणाली. "नको म्हणत होते हे. तो चार दिवस येत राहिला."

आचार्य उंबऱ्यावरच बसले. "मी एकाच दुकानाचं पाहिलं," ते पुटपुटले.

राजधानीत परतताच अमात्याने विक्रीवरून दुकानदारांना जाब विचारण्याची रीत बंद केली. तो कर आता केवळ व्यसन सोडणाऱ्यांच्या उपचारांवर खर्च होऊ लागला. पुष्कळ जण सावरले. रखमाजीला मात्र पुन्हा सोडणे जमले नाही. त्याची बायको माग चालवायला शिकली. त्या गावावरून जाताना मागाचा आवाज कानी आला, की अमात्य पालखीतून उतरे आणि ती आळी मान खाली घालून पायी ओलांडे.