न सांडणारी बाटली

“डोळे मिटून ओतशील?”

हे जित्यानं विचारलं. जित्या म्हणजे आमच्या गॅरेजसमोरच्या पंक्चरच्या दुकानातला. अक्कल त्याची अन् माझी सारखीच, फक्त त्याच्यात हवा जरा जास्त.

“ओतीन की.”

“एक थेंब न सांडता?”

“अर्धा पण नाही.”

“सांडलंस तर मला दादा म्हणायचं. जन्मभर.”

“आणि नाही सांडलं तर तू मला ताई म्हणायचं. चारचौघांत.”

लागली पैज. तिथं शहाणं माणूस एकही नव्हतं.

ओतायचं काय, तर औषध. इंजिन आतून साफ राहावं म्हणून पेट्रोलात टाकतात ते. बाटलीवर ॲडिटिव्ह लिहिलेलं असतं, पण आमच्या म्हैसाळ रोडला सगळे औषधच म्हणतात. अन् ओतायचं कुठं, तर दस्तगीर उस्तादांच्या स्वतःच्या फटफटीच्या टाकीत.

उस्ताद सांजच्या नमाजाला गेलेले. जायच्या आधी त्यांनीच टाकीत अर्धी बाटली ओतलेली. उरलेली अर्धी कट्ट्यावर होती.

मी डोळे मिटले.

पुढचं काय सांगू… हाताला गार लागलं तेव्हा कळलं. डोळे उघडले तर दोनेक चमचे औषध टाकीवरून खाली ओघळत होतं. बरोबर सोनेरी रेघेवरून.

तेवढ्यात उस्तादांचा खोकला ऐकू आला. मी बाटली होती तिथं ठेवली. जित्या रस्त्यापलीकडं. पुसायचं राहूनच गेलं.

त्या रेघेचं सांगते.

गॅरेज उघडलं त्या दिवशी उस्तादांनी काळ्या टाकीवर ती स्वतः मारलेली. नुसत्या हातानं. पट्टी नाही, काही नाही. टाकीला पूर्ण वळसा, अन् ब्रश मध्ये एकदाही उचललेला नाही. कुठं सुरू झाली अन् कुठं संपली ते मी भिंग लावून शोधलंय. सापडत नाही.

एकतीस वर्षं झाली त्याला. नवीन गिऱ्हाईक आधी रेघ बघायचं, मग निवांत गाडी सोडून जायचं.

मला त्यांनी गॅरेजात घेतलं ते पण असंच. शाळा मी सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. नववीला दोनदा बसले. दुसऱ्यांदा सरांच्या खुर्चीखाली बॉलपेनच्या स्प्रिंगा लावल्या, मग बसायची गरजच राहिली नाही. आई मला उस्तादांकडं घेऊन आली तेव्हा तिच्या हातात मार्कशीट होती. त्यांनी ती बघितलीच नाही.

“हात दाखव,” म्हणाले.

दाखवले.

“उद्यापासनं ये.”

पोरीची जात, गॅरेजात कशाला, असं न विचारणारा अख्ख्या रस्त्यावर एकच माणूस निघाला. अन् मी त्याच माणसाच्या टाकीवर…

असो.

सकाळी रेघ गेलेली.

चार बोटं लांब रंग फुगून वर आलेला. उस्तादांनी नखानं टोकरलं. पापुद्रा नखावर आला.

मी पाना पुसत होते. पुसलेलाच पाना.

मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं.

“काल मीच ओतलं होतं,” ते म्हणाले.

इथं बोलायचं होतं. मी तोंड उघडलं…

“उस्ताद, चहा आणू?”

“आण.”

चहा आला. त्यांनी कप उचलला, अन् कप हलत होता. काल हलत नव्हता. आईशप्पथ सांगते, काल हलत नव्हता.

त्या दिवसापासून त्यांनी बारीक काम सोडलं. कार्बोरेटर आला की “मिरजेत ने बाबा.” हातातनं स्क्रू पडला की माझ्याकडं न बघता हसायचे. रविवारी मला म्हणाले, “उज्जे, येत्या शुक्रवारी जागामालकाला किल्ली देतो. हुबळीला लेकीकडं जाऊन राहीन.”

“का?”

“हात गेला की उस्ताद गेला, बेटा.”

मी त्या दिवशी घरी जाऊन रडले नाही. मी हुशार ना. मी ठरवलं, खरं सांगायचं नाही. त्यांच्यासाठी अशी बाटली बनवायची की हात कितीही हलू दे, एक थेंब सांडणार नाही. म्हणजे ते जायचे नाहीत, अन् मला बोलावं लागणार नाही.

रबर पाहिजे होतं. रस्ता ओलांडला.

“दादा, जुनी ट्यूब दे.”

जित्या हसला नाही. ट्यूब दिली.

“सांगितलंस त्यांना?” त्यानं विचारलं.

“तू सांगितलंस?”

दोघंही ट्यूबकडं बघत बसलो.

पहिली बाटली सोमवारी झाली. तोंडाला ट्यूबची रबरी कॉलर, टाकीच्या तोंडावर घट्ट बसेल अशी. आत एक बूच, बुचामागं बॉलपेनची स्प्रिंग. टाकीवर दाबली की तोंड उघडणार, उचलली की मिटणार. स्प्रिंगांचा मला अनुभव होता.

उस्तादांपुढं ती उलटी धरली अन् गदागदा हलवली.

“बघा. एक थेंब नाही.”

“वा.”

“आता कुणाचा पण हात हलू दे.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बाटलीकडं.

बाटली टाकीवर उलटी दाबली. दोन थेंब पडले. मग बंद.

आम्ही थांबलो. रस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर अख्खा निघून गेला…

“छान आहे,” उस्ताद म्हणाले. “सांडत नाही.”

“पण येत पण नाही!”

“म्हणून तर सांडत नाही.”

मला राग आला. तीन वेळा कॉलर चिकटवलेली मी. म्हटलं, “मग तोंड मोठं करते.”

“घरी तेलाचा डबा फोडताना तुझी आई किती भोकं पाडते?”

“दोन.”

“तेल कितीतनं येतं?”

“एकातनं.”

“मग दुसरं कशाला? हौस म्हणून?”



त्यांनी कट्ट्यावरचं दाभण उचललं अन् माझ्या कोऱ्या करकरीत, तीनदा चिकटवलेल्या, एक थेंब न गळणाऱ्या बाटलीच्या बुडाला खच्चकन भोक पाडलं.

“उस्ताद!”

धार लागली. सरळ, गुळगुळीत, आवाज न करणारी धार.

मी रागवायचं विसरले.

दुसरी बाटली बुधवारी आणली. तीच, बुडाला व्यवस्थित भोक पाडलेली. धार झकास. फक्त टाकी भरली तरी धार थांबेना. भसकन वर आलं अन् उस्तादांच्या चपलेवर.

“भोकावर अंगठा ठेवला की थांबतंय,” मी घाईघाईनं म्हटलं.

“अंगठा कुणाचा?”

“…तुमचा.”

त्यांनी अंगठा माझ्यापुढं धरला. हलत होता.

मला कुठं बघावं कळेना. चप्पल पुसायला खाली बसले. तिथं बरं वाटलं.

वरनं आवाज आला. “हवा कुठनं घेतीये ती?”

“बाहेरनं. बुडाच्या भोकातनं.”

“अन् औषध कुणाला देतीये?”

“टाकीला.”

“देणार टाकीला अन् हवा घेणार बाजाराची. टाकीचं पोट भरलं हे तिला कोण सांगणार?”

“मग काय करू?”

“ज्याला देतेस त्याच्याकडनंच घे.”

“टाकीकडनं? टाकी काय देणार? ती तर रिकामी असते.”

उस्ताद हसले. हुबळीचं बोलल्यापासनं पहिल्यांदा हसले. पण पुढं एक अक्षर सांगितलं नाही. असल्या वेळी त्यांना चहा पाजला तरी सांगत नाहीत.

रात्रभर मी त्या वाक्यावर डोकं आपटलं. रिकामी टाकी काय देणार… रिकाम्या टाकीत काय असतं…

गुरुवारी सकाळी आई घागर भरत होती. घागर नळाखाली बुडबुड करत होती. मी म्हटलं, आई, थांब. आई म्हणाली, आता पाण्यात काय केलंस?

काही केलं नव्हतं. पाणी आत जात होतं अन् घागरीतली हवा बाहेर येत होती.

हवा! टाकीत हवा असते. औषध आत जाईल तशी ती बाहेर येणार. ती बाहेर कशाला सोडायची? बाटलीलाच द्यायची.

शुक्रवारी सकाळी तिसरी बाटली घेऊन गेले. बुडाचं भोक बुजवलेलं. तोंडातनं सलाईनची बारीक नळी आत घातलेली. तिचं एक टोक टाकीत उतरणार, दुसरं बाटलीच्या पार बुडापर्यंत. औषध खाली जाईल, टाकीची हवा नळीनं वर येईल. टाकी भरत आली की नळीचं तोंड पेट्रोलात बुडेल. मग हवा नाही. हवा नाही तर धार नाही.

उस्ताद कट्ट्यावर बसलेले. शेजारी किल्ली. जागामालक दहाला येणार होता.

“तुम्हीच बघा,” मी म्हटलं.

त्यांनी बाटली घेतली. हात हलत होता. बाटली टाकीच्या तोंडावर टेकवली, दाबली. एकेक बुडबुडा नळीनं वर यायला लागला. औषध खाली गेलं. टाकी आधीच बरीच भरलेली होती. नळी बुडाली.

धार थांबली. आपोआप. त्यांनी बाटली उचलली, बूच टक करून मिटलं. टाकीवर काळा रंग होता, गेलेल्या रेघेची जागा होती, अन् कोरडं ठणठणीत होतं.

ते बाटली उलटीसुलटी करून बघत राहिले. नळीवरनं बोट फिरवलं.

“कुठनं सुचलं?”

“घागरीवरनं.”

“मी सांगितलं नाही ना?”

“तुम्ही कुठं सांगता काय!”

मग त्यांनी एक केलं. रस्त्यापलीकडं हाक मारली. “जित्या, इकडं ये. बघ काय केलंय पोरीनं.” जित्या आला. त्याला त्यांनी बाटली दाखवली. म्हणाले, “म्हाताऱ्याच्या हातासाठी केलीये. आजवर मी लोकांच्या गाड्यांची सोय केली. माझ्या हाताची सोय कुणी केली नव्हती.”

माझ्याकडं वळले. हात छातीवर ठेवला.

“शुक्रिया, उज्जे. लई मोठं काम केलंस.”

मला आजवर शिव्या भरपूर मिळाल्यात. छड्या मिळाल्यात. एकदा हेडसरांनी डस्टर फेकून मारलेलं. त्यातलं काहीच एवढं लागलं नव्हतं.

जित्या जमिनीकडं बघत होता.

“ही हुबळीला नेईन,” उस्ताद म्हणाले, अन् किल्ली उचलली.

“उस्ताद, किल्ली देऊ नका.”

“का?”

“ते… त्या दिवशी…”

दोन थेंब आले. मग बंद.

ते थांबले. “बोल” म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. नुसते थांबले, सोमवारी बाटलीसमोर थांबले होते तसे.

मग म्हणाले, “जरा हवा घे.”

मी घेतली.

अन् मग सगळं आलं. पैज, मिटलेले डोळे, ओघळ, खोकला, ठेवून दिलेली बाटली, पुसलेला पाना, चहा. धार लागली ती लागली. “तुमचा हात हलला नव्हता, उस्ताद. माझा हलला. रेघ मी घालवली. तुम्ही एक थेंब पण सांडला नव्हता. मी गप्प बसले म्हणून तुमचा हात हलायला लागला.”

जित्या हळूच म्हणाला, “पैज मी लावलेली.”



उस्तादांनी उजवा हात उन्हात धरला. पालथा. मग उताणा. आम्ही तिघं त्या हाताकडं बघत होतो. मला सांगता यायचं नाही तो हलत होता का नाही, माझ्याच डोळ्यांत पाणी हलत होतं.

“डोळे मिटून?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“पैजेला काय लावलेलं?”

“हरले तर ह्याला दादा म्हणायचं.”

“म्हणतेस?”

“…म्हणते.”

त्यांनी किल्ली खिशात टाकली. फटफटीजवळ जाऊन गुडघ्यावर बसले. गेलेल्या रेघेवरनं अंगठा फिरवला, एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत, न उचलता.

“ब्रश आण,” ते म्हणाले. “बारका.”