पाणी देईपर्यंत वेंगळीवर पाय नाही

वेंगळी बेटावर उतरणाऱ्या पाहुण्याला पहिल्यांदा समुद्रातच थांबवतात. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, सोबत आणलेलं गोडं पाणी दोन्ही हातांनी पुढे धरायचं, आणि बेटावरचं कुणीतरी येऊन त्यातला घोट घेईपर्यंत वाळूवर पाय टाकायचा नाही. परवा शिडाच्या नौकेतून बेटं बघत फिरणारी मंडळी जेमतेम दुपारपुरती इथे थांबली, तेव्हा बेटावरच्या म्हाताऱ्या लाडोबा खारव्यांनी त्यांनाही असंच अडवलं.

"आजोबा, बाटलीतलं चालेल?" त्यांतल्या एकीने हसत विचारलं.

"चलात. पण थंड नको, दात ठणकतत."

घोट घेऊन झाल्यावर लाडोबांनी त्यांना पावसाचं पाणी साठवायला कातळात खोदलेल्या, बेटावरच्या एकुलत्या एका टाक्यापाशी नेलं. टाक्यावर झावळ्यांचं झाकण होतं. तिथे बसून त्यांनी सांगितलेली ही हकिगत.

फार पूर्वी धाकोजी नावाचा तांडेल मालाने भरलेलं गलबत घेऊन बंदराकडे परतत होता, असं सांगतात. पाणी संपत आलं म्हणून तो वेंगळीला थांबला. बेटावरचे पुरुष होड्या घेऊन दूर मासेमारीला गेले होते. मागे बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. त्यांच्यात वडीलधारी होती द्वारकाबाय. तिने रीतीप्रमाणे गूळपाणी दिलं आणि टाक्यावरच्या झावळ्या स्वतः बाजूला केल्या. आल्या पाहुण्याला पाण्याला नाही म्हणणं बेटाला माहीतच नव्हतं.

खलाशांनी पिंपं भरली. तिथेच थांबले असते तर बरं होतं. पण धाकोजीला आपल्या शिडाचा भारी अभिमान. खाऱ्या वाऱ्याने ते कडक आणि काळपट झालं होतं. बंदरातल्या लोकांनी लांबूनच ओळखावं, असं पांढरंशुभ्र शीड लावून त्याला आत शिरायचं होतं. त्याने ते टाक्याकाठी पसरलं आणि गोड्या पाण्याने मनसोक्त धुऊन घेतलं. खलाशीही अंघोळी करून मोकळे झाले. द्वारकाबाय बाजूला उभी राहून बघत होती. तिने "पुरे" म्हटलं नाही. हिचं काही म्हणणं नाही, असं धाकोजीने धरून टाकलं.

संध्याकाळी गलबत निघालं, पण वारा पडला आणि ते बेटाच्या नजरेतच अडकून राहिलं. सकाळी धाकोजीला आठवलं, शीड बांधायची दोरी टाक्यापाशीच राहिली. लहान होडी घेऊन तो एकटाच परत आला.

टाक्यात पाणी नव्हतं. द्वारकाबाय तळाशी उतरून लुगड्याच्या फडक्याने ओला कातळ पुसत होती आणि फडकं करवंटीत पिळत होती. वर काठावर तिची नातवंडं वाट बघत बसली होती. पाऊस अजून लांब होता. धाकोजीला पाहताच तिने फडकं घाईने पाठीमागे लपवलं. जणू चोरी तिचीच पकडली गेली होती.

"दोरी विसारलात काय, तांडेलानू?" ती वर येत म्हणाली. "बसा. आदी घोटभर पाणी घ्या."

आणि तिने ती करवंटी त्याच्यापुढे धरली.

नाकारावं तर तिच्या दाराचा अपमान. घ्यावं तर पोरं समोर बसलेली. जन्मभराची सवय, धाकोजीचा हात आपसूक पुढे झाला आणि तो ते पाणी प्यायला, म्हणे. त्या गढूळ घोटाची लाज त्याला कधीच गिळता आली नाही.

दोरी तिथेच टाकून तो गलबताकडे गेला. खलाशी ओरडत राहिले, "तांडेलानू, आमी काय खारा पाणी पिवचा?" पण त्याने खलाशांसाठी एक पिंप तेवढं मागे ठेवलं आणि बाकी सगळी पिंपं होडीत उतरवून घेतली. किनाऱ्याशी येऊन त्याने हाक मारली. द्वारकाबाय आली, पण तिने मान हलवली.

"दिलेला पाणी परत कशा घेव? पावण्याच्या हातचा घरच्यांनी पियाचा? उलटाच काय ता!"

"तू घेईपर्यंत मी जमिनीवर पाय ठेवूचंय नाय," धाकोजी म्हणाला, आणि पिंपातून घागर भरून घेऊन पाण्यात उभा राहिला.

भरती चढू लागली. पाणी गुडघ्यांवरून कमरेला आलं, मग छातीला. धाकोजीने घागर डोक्यावर घेतली, पण नजर खालीच ठेवली. लाट गळ्याशी आली तेव्हा द्वारकाबाय लुगड्यासकट समुद्रात शिरली. तिने घागर कलती केली, ओंजळभर पाणी प्यायलं आणि त्याच्या दंडाला धरून त्याला किनाऱ्यावर आणलं. बेटावरचे पुरुष परतेपर्यंत ती पिंपं पुरली, असं सांगतात.

आजही वेंगळीला कुणी पाहुण्याला आधी पाणी विचारत नाही. पाहुणा समुद्रात उभा राहतो, बेटावरचं माणूस हातातलं काम संपवून सावकाश येतं, आणि तोवर भरती असली तर कमरेपर्यंत भिजावं लागतं. खाली बघा, असं कुणी कुणाला सांगत नाही. तरी पाणी पुढे धरलेला प्रत्येक माणूस खालीच बघत उभा असतो.