ठकूबाईची ओळ

“...तर मग ठकूबाईला लिहायला बंदी करायची की नाही, बाबा?”

हेरंब तणतणतच झोपडीत शिरला. पायातल्या चपलाही काढायच्या राहिल्या.

रावजीबाबा चुलीपुढं बसले होते. खोऱ्यातल्या रानभाज्यांचं इंटरनेटवरचं पान त्यांनीच सुरू केलेलं. ज्याच्या हातात मोबाइल, त्यानं आपल्याला ठाऊक असेल ते लिहावं, अशी रीत. खोऱ्यातली ठकूबाईही लिहायची. साध्या ओळी, एकाखाली एक. शहरातून बाबांकडे शिकायला आलेल्या हेरंबनं दोन महिने खपून त्या ओळींचं कोष्टक केलं होतं. आठ रकाने, वर हिरवी पट्टी. दृष्ट काढावी इतकं देखणं.

“काय केलं तिनं?”

“रकाने पाडणारी एक उभी रेघ गाळली! अख्खं कोष्टक विस्कटलं. तिसऱ्यांदा! बोटं आहेत की मुसळं?”

“मग?”

“मग काय? तिची ओळ उडवली. कोष्टक पुन्हा उभं केलं.”

“ओळ काय होती?”

“वाचतंय कोण! रकान्यात बसतच नव्हती.”



पातेल्यातून एक वाफाळता कंद काढून बाबांनी सोलला. ताटली पुढं सरकवली.

“कडू करांदा. दमला असशील, घे.”

हेरंबनं तुकडा उचलला. तोंडाशी नेला, तोच बाबांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढा जोर असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“का थांबवलं, ते तुझ्या कोष्टकात बघ.”

दुसऱ्या हातानं त्यानं मोबाइल काढला. नाव, महिना, पानांचा आकार, चव... आठही रकाने भरलेले. कारण कुठंच नव्हतं.

“आता तिची ओळ काढ.”

पानाच्या जुन्या नोंदींत ती सापडली.

‘कडू करांदा नुस्ता उकडून खाऊ नका. राखेच्या पाण्यात उकडा, चकत्या करून रातभर वाहत्या पाण्यात ठेवा. माझी सून घरात नवी होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.’

चुलीतलं लाकूड तडकलं...

बाबांची पकड तशीच होती. हेरंबची मान खाली गेली.

“चुकलो, बाबा. आत्ता घालतो परत. फक्त... ही कोणत्या रकान्यात घालू?”

बाबांनी मनगट सोडलं.

“अजून रकानाच? मग खा.”