धोंडमाळची शनिवारची घंटा

धोंडमाळच्या चर्चची घंटा मे महिन्यात शनिवारीही वाजते. पाहुणा हमखास गोंधळतो. सुट्टीला आलेला जावई घाईघाईनं इस्त्रीचा शर्ट चढवून दारात येतो आणि विचारतो, "अहो, आज वार कोणता?" अख्ख्या आळीत कुणी उत्तर देईल तर शपथ! "घंटा झाली ना? मग चला," एवढंच. पाहुण्यानं रागावू नये. हे सगळं हन्नाबाईपासून चालत आलंय.

फार जुनी गोष्ट, दुष्काळातली. घंटा वाजवायचं काम हन्नाबाईचं आणि वार सांगायचं काम तिच्या नवऱ्याचं, शिमोनचं. त्याचा वार कधी चुकलाच नाही म्हणे. मिजासही होती त्याला त्याची. "तू दोर ओढ, वाराचं मी बघतो," असं चारचौघांत बायकोला म्हणायचा आणि ती पदर तोंडाला लावून हसायची.

त्या उन्हाळ्यात सगळे गडी डोंगरातल्या खाणीवर खडी फोडायला गेले. रात्री तिथंच कड्याखाली निजायचे. रविवारी पहाटे घंटा ऐकू आली की हातोडे ठेवायचे आणि उपासनेला घरी यायचं, असं ठरलेलं. शिमोनही गेला. इकडे पाळकसाहेब सुट्टीला थंड हवेच्या गावी, शाळा बंद, पाण्यावाचून आठवड्याचा बाजारही मोडलेला. आता वार कळावा तरी कशावरून?

त्यात हन्नाबाईला ऊन लागलं. तापानं फणफणली. शुद्धीवर आली तेव्हा पहाट होती, पण कुठल्या दिवसाची? एक रात्र गेली की दोन? शेजारच्या मार्थाकाकू म्हणाल्या, "शनिवार असेल बाई." त्यांची जाऊ म्हणाली, "छे, रविवार! काल अंगण सारवलं मी, दर शनिवारी सारवते तसं."

"अगं, काल कुठं? शनिवारचं सारवण अजून व्हायचंय तुझं!"

झालं, दोघींची जुंपली. हन्नाबाईचं डोकं गरगरायला लागलं. घंटा राहिली तर गडी आणखी आठवडाभर यायचे नाहीत, लेकरं वाट बघून रडतील. शिमोनसाठी तिनं शेवटच्या पिठाची भाकरी राखून ठेवली होती. शेवटी तिनं प्रभूचं नाव घेतलं आणि दोर ओढला.

खाणीवर गडी चक्रावले, असं त्यांनीच मागून सांगितलं. शिमोन तर हसायलाच लागला. "अरे, शनिवार आहे आज! येडी झाली बायको माझी. हजेरी बुडवू नका." पण घंटा म्हणजे घंटा, बाकीचे निघाले. "तिला सांगा, मी उद्या येतो, बरोबर रविवारी," म्हणून तो एकटा मागं राहिला.

गडी वेशीत पोचले आणि मागं डोंगर गरजला. अख्खा कडा खाणीत कोसळला होता.

बायका हन्नाबाईच्या पाया पडू लागल्या. "बाई, तू आमचं कुंकू राखलंस!" ती मात्र गड्यांच्या पाठीमागं बघत राहिली. "आमचे हे कुठंयत?" कुणीतरी खाली मान घालून निरोप सांगितला. तिला काही उमजेना. "मग आज वार कोणता?" तिनं विचारलं. शनिवार म्हणावं तर तो बरोबर ठरतो आणि तरी गेला. रविवार म्हणावं तर तो जिता घरी यायला हवा होता. कुणाची जीभ रेटली नाही.

कुणी म्हणतं, देवानंच तिचा हात धरला. कुणी म्हणतं, ताप होता तो. सुट्टीवरून परतलेल्या पाळकसाहेबांना तिनं सरळ विचारलं, "देवानं एवढ्यांना खाणीवरून उठवलं, मग वार बरोबर ओळखणाऱ्यालाच तिथं कसं ठेवलं?" ते तिच्याजवळ बसून रडले, असं सांगतात. तेव्हापासून ती मरेपर्यंत दर उन्हाळ्यात शनिवारी आणि रविवारी, दोन्ही दिवस घंटा वाजवत राहिली.

आजही धोंडमाळात मे महिन्यात शनिवारच्या घंटेनंतर कुणी वार सांगत नाही. रविवारी पुन्हा घंटा होते, चर्च भरतं, तरी पाळक लगेच उपासना सुरू करत नाहीत. घटकाभर सगळे उघड्या दारातून डोंगराच्या वाटेकडे बघत बसतात. शिमोन आज येतो म्हणाला होता.