बयजाचा मुका बार

फार वर्षांपूर्वी, कुसवडीला सडक नव्हती आणि खिंडीतून एका वेळी एकच घोडा जाऊ शकायचा, तेव्हाची ही गोष्ट. हसू नका रे! खिंड आता सुरुंग लावून रुंद केलीय, तेव्हा ती एवढीशीच होती. तिच्या तोंडाशी गावाची एकुलती एक, जळत्या वातीनं पेटवायची तोड्याची बंदूक घेऊन निंबाजी जागल्या बसायचा. बंदूक निंबाजीची, पण तिचं पोट भरायची त्याची बायको बयजा.

ते पोट भरणं काय सोपं होतं? मुलखात लढाया पेटलेल्या. बंदरावरून गंधक येईना, शिसं येईना, आलंच तर सोन्याच्या भावानं. मग बयजा जुन्या गोठ्यांच्या भिंतींवर फुललेला सोरा खरवडायची आणि आहे तेवढं गंधक पुरवून घरीच बंदुकीची दारू करायची. निंबाजीनं सरावाला गोळी झाडली की ही खुरपं घेऊन समोरचा मातीचा बांध उकरायची, चेपलेली गोळी शोधायची आणि चुलीवर वितळवून पुन्हा गोल करायची. एकच गोळी तिनं इतक्यांदा ओतली, की शेवटी ती गोळी आपणहून बांधातून घरंगळत तिच्या ओटीत यायची, असं म्हणतात. बाया चिडवायच्या, "बयजा, कालवणातबी शिसंच घालतीस काय गं?" ती म्हणायची, "थेंबे थेंबे तळं साचतं, बायांनो." आणि साचलंही. दारू ठेवायचं अख्खं शिंग भरलं.

तेवढ्यात रायाजी पाटलाच्या पोराचं लग्न निघालं.

पाटील माणूस वाईट नव्हता. पण वरात म्हटली की बार हवाच! बार नसला तर व्याही काय म्हणतील? बयजानं हात जोडले. "पाटील, गंधक संपलंय. ही दारू गेली तर दुसरी व्हायची नाही."

"अगं, गावाची अब्रू मोठी का तुझं शिंग?" पाटील म्हणाला.

निंबाजीला पाटलाचा शब्द मोडवेना. वेशीपासून पाटलाच्या दारापर्यंत धडाड् धडाड् बार निघाले. व्याही खूश झाले आणि शिंग रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी पाटलाच्याही मनाला चुटपुट लागली. त्यानं निंबाजीला गंधक आणायला बंदरावर पिटाळलं.

निंबाजी परत यायच्या आधीच पेंढारी आले.

न्याहारीच्या वेळेला खिंडीपलीकडं धूळ दिसली. गावानं म्हातारीकोतारी, पोरंबाळं, गुरंढोरं घेऊन डोंगराची वाट धरली. पाटलाची नवी सूनही ओल्या हळदीच्या अंगानं निघाली. एवढा गाव वर चढायला अख्खा दिवस लागणार होता, तोवर खिंड अडवायला हवी होती. पाटील दोन-चार गडी घेऊन धावला. बघतो तर बयजा आधीच दगडांआड बंदूक रोखून बसलेली, हातात जामगीची जळती वात.

"बंदूक भरलीय?" पाटलानं विचारलं.

"भरलीय. आता तोंडातून आवाज काढू नका. इथं बाईमाणूस बसलंय हे त्यांना कळता कामा नये."

शिंगाच्या तळाशी एका बारापुरती दारू उरली असेल, असं पाटलानं गृहीत धरलं आणि देवाचं नाव घेतलं.

पेंढारी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. खिंडीत पहिला शिरेल तो मरेल, हे त्यांना ठाऊक होतं. पण एकदा बार उडाला की बंदूक पुन्हा भरेपर्यंत सगळे आत! म्हणून त्यांनी आधी काठीवर पागोटं नाचवलं. बयजा हलली नाही. मग बिनस्वाराचा घोडा चाबूक मारून आत हाकलला. टापा दगडांवर वाजू लागल्या. "उडव, बयजा! उडव!" पाटील कुजबुजला. तिनं मान वळवली नाही. घोडा तिच्या अंगावरून उडी मारून गावाकडं पळाला, तरी बार निघाला नाही.

ऊन चढलं, ऊन कललं. जामगी जळत जळत बोटांशी आली. ती विझली, धूर थांबला, की पलीकडचे ओळखणार. बयजानं दातांनी पदर फाडला, मांडीवर पीळ घातला आणि तो पेटवला. पदर जळत राहिला, पण संपला नाही. बोटं भाजली, पण हात हलला नाही, असं म्हणतात.

शेवटी पेंढाऱ्यांचा म्होरक्या स्वतः पुढं आला. छाती उघडी करून ओरडला, "मर्द असशील तर काढ बार!"

बयजानं नळी नुसती त्याच्या छातीकडं वळवली.

म्होरक्यानं आधी नळीकडं, मग धुराकडं बघितलं. मग त्यानं घोडा फिरवला. "चला," तो साथीदारांना म्हणाला. "ज्याच्याकडं दारू कमी, तो घाईनं उडवतो. याच्याकडं कोठार आहे."

धूळ दिसेनाशी झाली आणि पाटील आनंदानं वेडा झाला. "बयजा, अगं जिंकलो! आता काढ एक बार! डोंगरावर कळू दे!" बघा, खोड काही जात नाही! त्यानं पदराचा जळता पीळ तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच बंदुकीच्या कानाला, बार पेटवायच्या भोकाला, लावला.

साधं फुस्सही झालं नाही. पाटलानं नळी उलटी केली, तर चुलीतल्या कोळशाची भुकटी भुरभुर खाली पडली.

"दारू कुठाय?"

"तुमच्या वरातीत गेली की, पाटील."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही इथं थांबला असता का?"

आपल्या एका हौसेपायी आपण अख्खा गाव मरणाच्या दारात नेऊन ठेवला, हे पाटलाला तेव्हा उमगलं. चार गड्यांसमोर तो लहान लेकरागत रडला. बयजा जळकी बोटं तोंडात धरून डोंगराकडं बघत होती. गाव वर पोचला होता.

तेव्हापासून कुसवडीत कुणाच्याही वरातीत बार निघत नाही, फटाकेसुद्धा वाजत नाहीत. आणि दसऱ्याला सारा गाव खिंडीत जमतो. पाटलांच्या घरची थोरली सून आपल्या लुगड्याचा पदर फाडते, पीळ घालते, पेटवते आणि बंदुकीच्या कानाजवळ धरून उभी राहते. कुणी खोकतसुद्धा नाही. पाहुणे बिचारे कानांवर हात ठेवून वाट बघतात, आता उडेल, मग उडेल. उडत नाही. पीळ जळून जातो, मग आधी पाटील खाली वाकून दगडांना हात लावतो आणि त्याच्यामागून गाव.